भित्रा म्हणून हिणविलेला शूर : बोर्ये साल्मिंग

शौर्य कशास म्हणावे, याविषयी प्रत्येक समाजाच्या काही ठाम समजुती असतात. कोणी प्रहार करण्यास शौर्य समजतो, तर कोणी प्रहार सोसूनही हातचे काम न सोडण्यास. या दोन समजुतींची गाठ केवळ रणांगणावरच पडते असे नाही. क्रीडांगणावरही ती पडू शकते. उत्तर अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीत १९७३ साली ती तशी पडली, आणि स्वीडनच्या अगदी उत्तरेकडील एका खाणकामगाराच्या मुलाने तिचा निकाल लावला. त्याचे नाव बोर्ये साल्मिंग.

हॉकी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ आणि ध्यानचंदांची जादू उभी राहते. बर्फावरील हॉकीचे रूप निराळे. सुमारे २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असे बर्फाचे अंगण, सभोवार फळ्यांचे कुंपण, प्रत्येक पक्षाचे गोलरक्षकासह सहाच गडी. पायांत पोलादी पात्यांचे बूट, म्हणजे स्केट. आणि चेंडूऐवजी एक इंच जाडीची व तीन इंच व्यासाची टणक रबरी चकती. वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत हा खेळ चालतो. प्रतिपक्षाच्या गड्यास अंगाने धडक देणे नियमास धरूनच असते. इतकेच नव्हे, तर दोन गडी ठोशांवर आले तरी उत्तर अमेरिकेत त्यांना सामान्यतः पाच मिनिटे बाहेर बसविण्यापलीकडे शिक्षा होत नाही.

युरोपात हाच खेळ अधिक रुंद बर्फावर वाढला. तेथे धडकेवर दीर्घकाळ अधिक बंधने होती. सबब युरोपीय खेळाडूंनी वेग, चकतीवरील हुकमत आणि परस्परांतील देवाणघेवाण या गुणांचा विशेष अभ्यास केला. कॅनडातील जाणत्यांना हे कौशल्य दिसत नव्हते असे नाही. परंतु मार खाण्याची वेळ आली की हे लोक माघार घेतील, असा त्यांचा पक्का ग्रह होता. नॅशनल हॉकी लीग या तेथील प्रमुख व्यावसायिक संघमालिकेत खेळणारे बहुतेक सारे गडी कॅनडाचेच असत. १९६५ साली उल्फ स्टर्नर हा स्वीडिश खेळाडू न्यूयॉर्क रेंजर्स या संघातून अवघे चार सामने खेळून परतला, तेव्हा तो ग्रह दृढच झाला.

अशा काळात, १७ एप्रिल १९५१ रोजी, किरुना येथे साल्मिंगचा जन्म झाला. किरुना हे उत्तरध्रुववृत्ताच्याही पलीकडे, लोखंडाच्या खाणींभोवती वसलेले गाव. हिवाळ्यात तेथे कित्येक दिवस सूर्य क्षितिजावर येतच नाही. साल्मिंगचे पितृघराणे सामी लोकांपैकी होते. रेनडिअर पाळून राहणारी ही उत्तरेकडील प्राचीन जमात स्वीडनमध्ये अल्पसंख्य आहे आणि पूर्वी तिची पुष्कळ उपेक्षा झाली. बोर्ये पाच वर्षांचा असताना त्याचे वडील खाणीतील अपघातात मरण पावले. आईने दोन्ही मुलांना वाढविले. थोरला भाऊ स्टिग हॉकी खेळे आणि धाकटा त्याच्या मागोमाग बर्फावर उतरे. पुढे दोघेही दक्षिणेकडील येव्ले गावच्या ब्रूनेस संघात दाखल झाले. या गावाच्या नावाचा उच्चार आपल्या येवल्याशी मिळताजुळता आहे, ही एक गमतीची गोष्ट. ब्रूनेस संघाने १९७१ आणि १९७२ अशी लागोपाठ दोन वर्षे स्वीडनचे अजिंक्यपद मिळविले. बचावफळीतील या उंच, सडपातळ तरुणाकडे आता लोकांचे लक्ष वेधू लागले.

तिकडे अटलांटिकपलीकडे १९७२ साली दोन घटना घडल्या. वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी संघमालिका सुरू झाली व तिने अधिक वेतन देऊन अनेक खेळाडू फोडले. टोरोंटो मेपल लीफ्स या जुन्या, मानाच्या संघास याची विशेष झळ बसली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कॅनडाचे निवडक व्यावसायिक खेळाडू आणि सोव्हिएत रशियाचा संघ यांच्यात आठ सामने झाले. कॅनडा सहज जिंकेल असे सर्वांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात शेवटच्या सामन्याच्या अखेरच्या मिनिटात झालेल्या गोलाने त्याची लाज राखली. युरोपातही खरे खेळाडू आहेत, ही गोष्ट नाकारणे यानंतर कठीण झाले.

त्या हिवाळ्यात टोरोंटोसाठी खेळाडू हेरणारे जेरी मॅकनमारा स्वीडनला गेले ते एका गोलरक्षकाला पाहण्यासाठी. तो दुखापतीमुळे खेळत नव्हता, म्हणून कॅनडातून दौऱ्यावर आलेल्या एका संघाविरुद्ध ब्रूनेसचा सामना होता तो पाहण्यास ते गेले. पाहुण्या संघाचा खेळ दांडगाईचा होता. साल्मिंग मात्र तसूभरही मागे हटला नाही. अखेर शिस्तभंगाबद्दल त्याला सामन्यातून बाहेर काढण्यात आले, तेव्हा मॅकनमारा त्याच्यामागून कपडे बदलण्याच्या खोलीत गेले आणि टोरोंटोला येतोस का, असे त्यांनी विचारले. साल्मिंग आणि त्याचा सहकारी इंगे हॅमरस्ट्रॉम हे दोघे १९७३ साली टोरोंटोत दाखल झाले.

ऑक्टोबर १९७३ मध्ये बफेलो संघाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात साल्मिंगने उत्कृष्ट खेळ केला. परंतु खरी परीक्षा त्यानंतर लगेच फिलाडेल्फियात झाली. त्या शहराचा फ्लायर्स संघ आपल्या राकट खेळाबद्दल कुप्रसिद्ध होता, आणि १९७४ व १९७५ या दोन्ही वर्षी मानाचा स्टॅन्ली चषक त्यानेच जिंकला. म्हणजे दहशत हे तेव्हा यशाचे साधन ठरले होते. साल्मिंगला काठ्यांचे तडाखे बसले, कुंपणावर आदळण्यात आले, आणि ‘भित्रे स्वीड’ ही शिवी जेथे जाईल तेथे ऐकावी लागली. ती शिवी केवळ प्रतिपक्षाचीच नव्हती. टोरोंटो संघाचे मालक हॅरल्ड बॅलर्ड यांनीच हॅमरस्ट्रॉमविषयी असे कुत्सित उद्गार काढले की, हा खिशात सहा अंडी घेऊन कोपऱ्यातल्या झोंबाझोंबीत शिरला तरी एकही अंडे फुटायचे नाही.

साल्मिंगने या साऱ्याला दिलेले उत्तर ध्यानात घेण्याजोगे आहे. प्रसंगी तो हातघाईवर येई. परंतु मुष्टियुद्ध हा त्याचा मार्ग नव्हे. गोलाकडे वेगाने येणारी चकती अडविण्यासाठी तो बर्फावर आडवा पडे व ती आपल्या अंगावर झेली. मग उठून तीच चकती प्रतिपक्षाच्या क्षेत्रात नेई. एप्रिल १९७६ मधील बाद फेरीत पुन्हा फिलाडेल्फियाशी गाठ पडली. एका सामन्यात मेल ब्रिजमनने त्याला ठोशांनी बेदम मारले. त्या सामन्यातील दंग्याबद्दल ऑन्टेरिओ प्रांताच्या सरकारने फिलाडेल्फियाच्या काही खेळाडूंवर फौजदारी आरोपही ठेवले. पुढच्याच सामन्यात साल्मिंग एकटा चकती घेऊन सुटला आणि बर्नी पॅरंट या नामांकित गोलरक्षकास चकवून त्याने गोल केला. सारे प्रेक्षागृह उठून उभे राहिले. ठोशाचा हिशेब ठोशाने चुकविण्याची अपेक्षा करणाऱ्या लोकांना दुसऱ्या प्रकारचा हिशेब त्या दिवशी कळला.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कॅनडा चषकासाठी स्वीडनचा राष्ट्रीय संघ टोरोंटोत उतरला. मेपल लीफ गार्डन्समध्ये खेळाडूंची नावे पुकारली जाऊ लागली. साल्मिंग पिवळा स्वीडिश गणवेश घालून उभा होता. म्हणजे त्या स्पर्धेत तो कॅनडाचा प्रतिस्पर्धीच होता. तरीही त्याचे नाव येताच हजारो कॅनेडियन प्रेक्षक उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट थांबेना. तीन वर्षांपूर्वी ज्या देशाच्या खेळाडूंना भित्रे म्हणत, त्याच देशाच्या गणवेशातील खेळाडूचा हा गौरव होता.

त्याची पुढील कारकीर्द आकड्यांतही मोठी आहे. १९७५ ते १९८० अशी सलग सहा वर्षे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या निवडीत त्याला स्थान मिळाले. सर्वोत्कृष्ट बचावपटूच्या नॉरिस पारितोषिकासाठी तो दोनदा दुसरा आला. १९८८ साली एक हजार सामने पूर्ण करणारा तो पहिला युरोपीय ठरला. एकूण १,१४८ सामने, १५० गोल आणि सहकाऱ्यांच्या गोलांना ६३७ वेळा साहाय्य, असा त्याचा हिशेब आहे. त्यांपैकी टोरोंटोसाठी दिलेल्या ६२० साहाय्यांचा उच्चांक त्याने संघ सोडल्यावर तीस वर्षांनंतरही अबाधित होता. मात्र स्टॅन्ली चषक त्याच्या हाती कधीच आला नाही. मालकाच्या लहरीपणाने पोखरलेला तो संघ पुढे घसरतच गेला.

१९८६ हे वर्ष त्याला विशेष कठीण गेले. पूर्वी कधी तरी मादक द्रव्य घेतल्याची कबुली त्याने दिली होती; त्याबद्दल लीगने त्याला आठ सामन्यांसाठी निलंबित केले. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला डेट्रॉइटविरुद्ध गोलापुढील गर्दीत तो खाली पडला असता प्रतिपक्षाच्या एका गड्याच्या स्केटचे पाते त्याच्या चेहऱ्यावरून फिरले. कपाळापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जखम झाली व दोनशेहून अधिक टाके घालावे लागले. डोळा थोडक्यात बचावला. त्याच मोसमात साल्मिंग पुन्हा बर्फावर उतरला.

टोरोंटोतील सोळा मोसमांनंतर त्याने एक मोसम डेट्रॉइटसाठी खेळून घालविला आणि मग स्टॉकहोममधील एआयके संघातून तो १९९३ पर्यंत खेळला. १९९२ च्या आल्बेरव्हिल हिवाळी ऑलिंपिकमध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याने स्वीडनचे प्रतिनिधित्व केले. १९९६ साली टोरोंटोच्या हॉकी कीर्तिमंदिरात प्रवेश मिळविणारा तो पहिला स्वीडिश खेळाडू झाला. त्याने मळलेल्या वाटेने पुढे शेकडो स्वीडिश खेळाडू गेले. मॅट्स सुंदीन १९९७ पासून अकरा वर्षे टोरोंटोचाच कर्णधार होता, आणि निकलस लिडस्ट्रॉमने तर नॉरिस पारितोषिक सात वेळा पटकावले. स्वीड म्हणजे भित्रा, हे म्हणण्याचे धाडस तोवर कोणात उरले नव्हते.

ऑगस्ट २०२२ मध्ये साल्मिंगला एएलएस हा असाध्य रोग जडल्याचे जाहीर झाले. या रोगात स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जापेशी एकामागून एक मरतात; हात, वाचा आणि अखेर श्वासही जातो. त्याच नोव्हेंबरात तो टोरोंटोला आला, तेव्हा त्याची वाचा गेली होती आणि हात उचलत नव्हते. १२ तारखेच्या सामन्यात टोरोंटोने आरंभीचे सहाही गडी स्वीडिशच उतरविले. १९७३ साली दोन स्वीड घेणे हे ज्या संघाचे धाडस मानले गेले, त्याच संघाचे हे सहा गडी होते. जुना सहकारी व कर्णधार डॅरिल सिटलर साश्रू नयनांनी त्याच्याजवळ उभा होता. प्रेक्षक पुन्हा एकदा उठून उभे राहिले. बारा दिवसांनी, २४ नोव्हेंबर रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी साल्मिंगचे निधन झाले.

ज्या बर्फावर त्याला कोणी मागे हटविले नाही, तेथे तो अखेरचा आला तो दुसऱ्याच्या आधाराने. आणि आपली ती असहाय अवस्था हजारो लोकांच्या दृष्टीस पडू देण्यातही त्याला कमीपणा वाटला नाही. त्याच्या धैर्याच्या साऱ्या कसोट्यांत हीच बहुधा सर्वांत कठीण होती.