२०२२ फिफा विश्वचषकासाठी संघनिवड

२०२२ फिफा विश्वचषक स्पर्धा २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर २०२२ दरम्यान कतार येथे खेळवली गेली. या स्पर्धेसाठी पात्र ठरलेल्या ३२ राष्ट्रीय संघांना आपल्या खेळाडूंची अंतिम यादी १४ नोव्हेंबर २०२२ पर्यंत फिफाकडे सादर करणे बंधनकारक होते. प्रत्येक संघाला जास्तीत जास्त २६ खेळाडू निवडण्याची मुभा होती. इराणने २५, तर उर्वरित ३१ देशांनी प्रत्येकी २६ खेळाडूंची यादी दिली; त्यामुळे अधिकृत यादीत एकूण ८३१ खेळाडूंचा समावेश होता. युरोपीय क्लब हंगामाच्या मध्यात भरलेली ही पहिलीच विश्वचषक स्पर्धा असल्याने निवड, दुखापती आणि ऐनवेळचे बदल हे तिचे ठळक वैशिष्ट्य ठरले.

पार्श्वभूमी

विश्वचषक स्पर्धा परंपरेने जून-जुलै महिन्यांत होते. मे महिन्यात युरोपातील बहुतेक लीग संपतात व त्यानंतर राष्ट्रीय संघांना तीन ते चार आठवड्यांचे सराव शिबिर घेता येते. कतारमधील उन्हाळ्याच्या तीव्र तापमानामुळे २०२२ ची स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घेण्याचा निर्णय झाला. प्रमुख युरोपीय लीगमधील शेवटचे सामने १३ नोव्हेंबर रोजी खेळले गेले आणि अवघ्या एका आठवड्यानंतर स्पर्धेला प्रारंभ झाला. त्यामुळे ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरमध्ये झालेली स्नायूची साधी दुखापतसुद्धा खेळाडूला स्पर्धेबाहेर ठेवण्यास पुरेशी ठरली.

यजमान कतारची स्थिती वेगळी होती. कतारचे सर्व २६ खेळाडू देशांतर्गत लीगमधील होते आणि संघाने स्पर्धेपूर्वी दीर्घकाळ एकत्र सराव केला होता. मात्र कतारने साखळी फेरीतील तीनही सामने गमावले. सौदी अरेबियाचे सर्व खेळाडूही मायदेशातील क्लबांचेच होते. या संघाने पहिल्या सामन्यात पुढे विजेता ठरलेल्या आर्जेन्टिनाचा २–१ असा पराभव केला.

नियम

* खेळाडूंची संख्या : १९९८ पर्यंत प्रत्येक संघात २२ खेळाडू असत. २००२ पासून ही संख्या २३ झाली. कोव्हिड-१९ साथीच्या काळात, २०२१ मध्ये खेळल्या गेलेल्या युएफा युरो २०२० स्पर्धेसाठी २६ खेळाडूंची परवानगी देण्यात आली होती. २०२२ च्या विश्वचषकासाठी हीच कमाल मर्यादा स्वीकारण्यात आली. किमान मर्यादा २३ होती.
* गोलरक्षक : प्रत्येक यादीत किमान तीन गोलरक्षक असणे आवश्यक होते.
* प्राथमिक यादी : अंतिम निवडीपूर्वी संघांनी ऑक्टोबर महिन्यात जास्तीत जास्त ५५ खेळाडूंची प्राथमिक यादी फिफाला दिली. २०१८ मध्ये ही मर्यादा ३५ होती.
* बदली : गंभीर दुखापत किंवा आजार झाल्यास संघाच्या पहिल्या सामन्याच्या २४ तास आधीपर्यंत खेळाडू बदलता येत असे.
* क्लबांना मोबदला : खेळाडू उपलब्ध करून दिल्याबद्दल फिफाने क्लबांना प्रतिखेळाडू प्रतिदिन सुमारे १०,००० अमेरिकन डॉलर दिले. या योजनेखाली ४४० क्लबांना एकूण २० कोटी ९० लाख डॉलर वितरित झाले.

यादी वाढल्यामुळे प्रशिक्षकांना पूर्ण तंदुरुस्त नसलेल्या किंवा आंतरराष्ट्रीय अनुभव नसलेल्या खेळाडूंना संधी देणे शक्य झाले. इंग्लंडचे प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी दुखापतीतून सावरत असलेल्या काइल वॉकर व कॅल्विन फिलिप्स यांना स्थान दिले.

यादी जाहीर होण्याचा क्रम

जपानने १ नोव्हेंबर रोजी आपला संघ जाहीर केला. ब्राझीलचे प्रशिक्षक तिते यांनी ७ नोव्हेंबरला, फ्रान्सचे दिदिये देशां यांनी ९ नोव्हेंबरला, तर इंग्लंड व जर्मनी यांनी १० नोव्हेंबरला आपापल्या याद्या घोषित केल्या. आर्जेन्टिना आणि सेनेगल यांची घोषणा ११ नोव्हेंबर रोजी झाली.

दुखापती आणि ऐनवेळचे बदल

फ्रान्स

गतविजेत्या फ्रान्सला सर्वाधिक फटका बसला. २०१८ च्या विजयातील मध्यरक्षक एन्गोलो कांते व पॉल पोग्बा हे दोघेही दुखापतीमुळे निवडीपूर्वीच बाहेर पडले. देशां यांनी प्रथम २५ जणांचीच यादी जाहीर केली व १४ नोव्हेंबरला मार्कस थुराम याचा समावेश करून ती पूर्ण केली. त्याच दिवशी बचावपटू प्रेस्नेल किंपेम्बे याच्या जागी अक्सेल दिसासी याला घेण्यात आले. दुसऱ्याच दिवशी सरावात क्रिस्तोफर न्कुंकू जायबंदी झाला आणि त्याच्या जागी रांदाल कोलो मुआनी याला पाचारण करण्यात आले. कोलो मुआनी त्या वेळी आपल्या क्लबसोबत जपानच्या दौऱ्यावर होता. १९ नोव्हेंबर रोजी २०२२ चा बालोन दोर विजेता करीम बेंझेमा यानेही मांडीच्या दुखापतीमुळे माघार घेतली. बदली खेळाडू घेण्यास मुदत शिल्लक असूनही देशां यांनी कोणालाही बोलावले नाही.

यादीत उशिरा आलेल्या खेळाडूंचा फ्रान्सच्या वाटचालीत मोठा वाटा राहिला. मोरोक्कोविरुद्धच्या उपांत्य सामन्यात कोलो मुआनीने मैदानात उतरल्यावर काही सेकंदांतच गोल केला. अंतिम सामन्यात फ्रान्स ०–२ असा पिछाडीवर असताना पूर्वार्ध संपण्यापूर्वीच त्याला व थुरामला मैदानात उतरवण्यात आले. फ्रान्सला मिळालेली पहिली पेनल्टी कोलो मुआनीवरील फाउलमुळे होती, तर किलियान एम्बापेच्या दुसऱ्या गोलसाठीचा पास थुरामने दिला. अतिरिक्त वेळेच्या अखेरच्या क्षणी कोलो मुआनीचा फटका आर्जेन्टिनाचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझ याने पायाने अडवला. पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये आर्जेन्टिनाने विजय मिळवला.

सेनेगल

आफ्रिकन विजेत्या सेनेगलचा प्रमुख आघाडीपटू सादियो माने ८ नोव्हेंबर रोजी बायर्न म्युनिककडून वेर्डर ब्रेमेनविरुद्ध खेळताना जखमी झाला. तरीही तीन दिवसांनी जाहीर झालेल्या यादीत त्याचे नाव होते. १७ नोव्हेंबरला तो स्पर्धेत खेळू शकणार नसल्याचे स्पष्ट झाले व त्याच्या जागी मूसा न्दियाये याची निवड झाली. मानेविना सेनेगलने बाद फेरी गाठली; तेथे इंग्लंडने त्यांचा ३–० असा पराभव केला.

आर्जेन्टिना

मध्यरक्षक जियोव्हानी लो सेल्सो दुखापतीमुळे यादीत येऊ शकला नाही. १७ नोव्हेंबर रोजी, पहिल्या सामन्याला पाच दिवस उरले असताना, निकोलास गोंझालेझ व होआकिन कोरेआ हेही बाहेर पडले. त्यांच्या जागी आलेले आंखेल कोरेआ व थियागो अल्मादा महिनाभरानंतर विश्वविजेत्या संघाचे सदस्य ठरले.

इतर संघ

* स्पेन : होसे गाया याच्या जागी आलेहान्द्रो बाल्दे.
* जपान : युता नाकायामा याच्या जागी शुतो माचिनो.
* ऑस्ट्रेलिया : मार्टिन बॉइल याच्या जागी मार्को टिलियो.
* मोरोक्को : अमीन हारित याच्या जागी अनास झरूरी.
* जर्मनी : मार्को रॉइस व टिमो वेर्नर दुखापतीमुळे निवडीस अनुपलब्ध.
* पोर्तुगाल : दिओगो जोटा दुखापतीमुळे अनुपलब्ध.
* इंग्लंड : रीस जेम्स व बेन चिलवेल दुखापतीमुळे अनुपलब्ध.
* दक्षिण कोरिया : कर्णधार सोन ह्युंग-मिन याच्या डोळ्याभोवतीचे हाड नोव्हेंबरच्या प्रारंभी मोडले होते, तो संरक्षक मुखवटा घालून खेळला. ओ ह्योन-ग्यू हा अधिकृत यादीत नसलेला राखीव खेळाडू म्हणून, पाठीवर क्रमांक नसतानाही, संघासोबत कतारला गेला.

उल्लेखनीय निवडी

डेन्मार्कच्या ख्रिस्तियन एरिक्सनचा समावेश विशेष लक्षवेधी होता. जून २०२१ मध्ये युरो स्पर्धेतील फिनलंडविरुद्धच्या सामन्यात हृदयक्रिया बंद पडून तो मैदानावर कोसळला होता. शरीरात हृदयगती नियंत्रित करणारे उपकरण बसवल्यानंतर त्याने पुनरागमन केले.

नेदरलँड्सने अनुभवी यास्पर सिलेसनला वगळून एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या आंद्रिस नोपर्ट याला निवडले. त्याने सेनेगलविरुद्ध विश्वचषकातच पदार्पण केले आणि संघाच्या पाचही सामन्यांत गोलरक्षण केले. जर्मनीच्या निक्लास फ्युलक्रुगची निवडही पूर्वी एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळता झाली होती. त्याने स्पेनविरुद्ध बरोबरीचा गोल केला. त्याच संघातील युसुफा मुकोको स्पर्धेच्या उद्घाटनाच्या दिवशी १८ वर्षांचा झाला.

ब्राझीलच्या यादीत नऊ आघाडीपटू असूनही रोबेर्तो फिर्मिनो याला स्थान मिळाले नाही, तर ३९ वर्षीय दानी आल्वेसची निवड झाल्याने टीका झाली. कॅमेरूनविरुद्ध खेळून आल्वेस विश्वचषकात खेळणारा ब्राझीलचा सर्वांत वयस्क खेळाडू ठरला. पोर्तुगालच्या ३९ वर्षीय पेपेने स्वित्झर्लंडविरुद्धच्या बाद फेरीतील सामन्यात गोल केला. मेक्सिकोचा गोलरक्षक आल्फ्रेदो तालावेरा ४० वर्षांचा होता.

मोरोक्कोमध्ये प्रशिक्षकाशी झालेल्या मतभेदामुळे संघाबाहेर राहिलेला हकीम झियेश, ऑगस्ट २०२२ मध्ये वालिद रेग्रागी प्रशिक्षकपदी आल्यावर परतला. मोरोक्को विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा पहिला आफ्रिकी संघ ठरला.

पात्रता आणि राष्ट्रीयत्वाचे प्रश्न

इक्वेडोरच्या बायरन कास्तियो या बचावपटूच्या जन्मस्थानावरून चिलीने तक्रार केली होती. क्रीडा लवादाने नोव्हेंबरमध्ये इक्वेडोरचे स्पर्धेतील स्थान कायम ठेवले, परंतु पुढील विश्वचषक पात्रता फेरीत संघाचे तीन गुण कापण्याचा निर्णय दिला. त्यानंतर इक्वेडोरने कास्तियोला अंतिम यादीतून वगळले.

परदेशात जन्मलेल्या खेळाडूंची संख्याही लक्षणीय होती. मोरोक्कोच्या २६ पैकी १४ खेळाडूंचा जन्म मोरोक्कोबाहेर झाला होता. स्पेनमध्ये जन्मलेल्या विल्यम्स बंधूंपैकी इन्याकी घानाकडून, तर निको स्पेनकडून निवडला गेला.

स्पर्धेदरम्यान संघ सोडलेले खेळाडू

स्पर्धा सुरू झाल्यावर सोडून गेलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा घेता आला नाही. फ्रान्सच्या लुका एर्नांदेझला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात गुडघ्याची गंभीर दुखापत झाली. इंग्लंडचा बेन व्हाइट वैयक्तिक कारणास्तव मायदेशी परतला. कॅमेरूनचा गोलरक्षक आंद्रे ओनाना याला प्रशिक्षक रिगोबेर सोंग यांच्याशी झालेल्या वादानंतर सर्बियाविरुद्धच्या सामन्यातून वगळण्यात आले व त्याने संघ सोडला.

हेही पहा

* २०२२ फिफा विश्वचषक
* २०२२ फिफा विश्वचषक अंतिम सामना
* २०१८ फिफा विश्वचषक
* युएफा युरो २०२०