यात्रेकडून स्पर्धेकडे : 'ड्रॅगन बॉल' या जपानी चित्रकथेचे प्रथम वाचन आणि इतिहास

प्रस्तावना

जपानी चित्रकथाकार आकिरा तोरियामा यांचे १ मार्च २०२४ रोजी वयाच्या ६८व्या वर्षी निधन झाले. १९५५ साली आइची प्रांतात जन्मलेल्या या चित्रकाराची 'ड्रॅगन बॉल' ही मालिका 'साप्ताहिक शोनेन जंप' या नियतकालिकात नोव्हेंबर १९८४ ते जून १९९५ या काळात प्रसिद्ध झाली. ५१९ प्रकरणे आणि ४२ खंड असा तिचा विस्तार आहे. भारतात या कथेची ओळख प्रामुख्याने झाली ती २००० नंतरच्या दशकात, कार्टून नेटवर्क वाहिनीवरील 'ड्रॅगन बॉल झी' या चलच्चित्र मालिकेमुळे. त्यामुळे भारतीय वाचक मूळ पुस्तक प्रथमच हाती घेतो तेव्हा कथा त्याला आधीच ठाऊक असते, किंवा निदान तसे त्याला वाटत असते. ग्रह उद्ध्वस्त करणारे योद्धे आणि त्यांची प्रदीर्घ युद्धे हीच त्याची अपेक्षा असते.

पहिल्या खंडात मात्र त्याला यांपैकी काहीही सापडत नाही. तेथे डोंगरात एकटा राहणारा, शेपूट असलेला एक मुलगा आहे आणि सात मण्यांच्या शोधात निघालेली एक शहरी मुलगी आहे. कथेचा सूर विनोदी आहे. ही विनोदी यात्राकथा पुढे युद्धकथा कशी झाली, या प्रश्नाचे उत्तर केवळ लेखकाच्या प्रतिभेत शोधून भागत नाही. ते साप्ताहिक प्रकाशनाच्या व्यवस्थेतही शोधावे लागते. या चित्रकथेच्या पानांवर त्या व्यवस्थेच्या खुणा स्पष्ट उमटलेल्या आहेत आणि म्हणूनच ती इतिहासाचे एक साधन ठरते, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

यात्राकथेची परंपरा

नायकाचे नाव सोन गोकू. चिनी महाकादंबरी 'शीयोजी' अर्थात 'पश्चिमेची यात्रा' हिच्यातील वानरवीर सुन वुखोंग याच्या नावाचा हा जपानी उच्चार होय. या कादंबरीची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी पूर्ण मुद्रित आवृत्ती १५९२ सालची असून तिचे कर्तृत्व परंपरेने वू छंगअन याच्याकडे दिले जाते. तिचा ऐतिहासिक गाभा सातव्या शतकातील आहे. बौद्ध ग्रंथांच्या शोधात भारतात आलेला भिक्षू ह्युएन त्संग ६४५ साली ६५७ ग्रंथ घेऊन चीनला परतला. महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. बादामीचा चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याच्या काळातील महाराष्ट्राचे आणि येथील लोकांच्या स्वाभिमानी वृत्तीचे वर्णन त्याच्या प्रवासवृत्तात आढळते. ज्या प्रवाशाच्या साक्षीवर महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचे एक प्रकरण उभे आहे, त्याच्याच यात्रेची दंतकथा होत होत पुढे हा वानरवीर जन्माला आला. या वानरवीराचे मूळ हनुमंतात असावे, असे मत हू शी यांनी १९२३ साली मांडले होते. लू शून यांनी त्याचे मूळ चिनी जलदैत्याच्या कथेत शोधले. हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही.

तोरियामांनी या कादंबरीतून बरेच काही घेतले. हवी तेवढी लांब होणारी काठी आणि आकाशात वाहून नेणारा ढग या वानरवीराच्या दोन्ही वस्तू गोकूकडे आहेत. ग्रंथ आणण्यास निघालेल्या भिक्षूच्या जागी बुल्मा ही मुलगी आहे. वराहरूपी सोबत्याच्या जागी ऊलाँग हे रूप पालटणारे डुक्कर येते आणि तिसऱ्या शिष्याच्या जागी यामचा हा वाळवंटातील लुटारू येतो. मणी शोधण्याच्या कल्पनेला आणखी एक आधार आहे. ताकिझावा बाकिन यांच्या १८१४ ते १८४२ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'नान्सो सातोमी हाक्केन्देन' या कादंबरीत आठ वीरांजवळ आठ मणी असतात आणि प्रत्येक मण्यावर एकेका सद्गुणाचे अक्षर उमटलेले असते. तोरियामांनी आठाचे सात केले. त्यांच्या मण्यांवर सद्गुण नाहीत, एक ते सात अशा संख्येने फक्त तारे आहेत.

हा फरक वरवरचा नाही. ह्युएन त्संगाच्या यात्रेचे फळ ग्रंथ होते आणि ते सर्वांसाठी होते. सात मणी एकत्र केल्यावर प्रकट होणारा ड्रॅगन मात्र कोणाचीही एक इच्छा पुरवितो. बुल्माला जोडीदार हवा आहे, पिलाफ या क्षुद्र सम्राटाला जगाचे राज्य हवे आहे. ड्रॅगन खरोखरच प्रकट होतो तेव्हा पिलाफने तोंड उघडण्यापूर्वीच ऊलाँग ओरडून एका तरुणीचे अंतर्वस्त्र मागतो आणि जगाचे राज्य वाचते. मणी वर्षभरासाठी दगड होऊन चहूकडे विखुरतात. यात्रा अशा रीतीने दुसऱ्या खंडातच हास्यास्पद पद्धतीने संपते. पवित्र प्रवासाची चौकट शिल्लक राहिली आहे, पण तिच्यातील पावित्र्य काढून घेतलेले आहे, हे प्रथम वाचकाच्या येथे ध्यानात येते.

साप्ताहिकाची व्यवस्था

या बदलाचे कारण समजण्यासाठी प्रकाशनव्यवस्थेकडे वळावे लागते. शुएइशा या संस्थेचे 'शोनेन जंप' १९६८ साली सुरू झाले. 'शोनेन मॅगझिन' आणि 'शोनेन संडे' ही प्रतिस्पर्धी साप्ताहिके १९५९ पासूनच बाजारात होती आणि नामांकित चित्रकार त्यांच्याकडे होते. उशिरा आलेल्या 'जंप'ने नवोदितांवर भर दिला आणि वाचकांच्या मतपत्रिकांना निर्णायक स्थान दिले. अंकासोबत छापलेल्या कार्डावर वाचक आपल्या आवडीच्या मालिका कळवीत. या कौलात जी मालिका सतत मागे पडे, ती बंद होई. मैत्री, प्रयत्न आणि विजय हे तीन शब्द साप्ताहिकाचे ब्रीद मानले जात.

तोरियामांची 'डॉ. स्लम्प' ही विनोदी मालिका १९८० ते १९८४ या काळात याच साप्ताहिकात गाजली होती. ती संपवून ते नव्या मालिकेकडे वळले तेव्हा त्यांचे संपादक काझुहिको तोरिशिमा यांनी त्यांच्या एका आवडीचा उपयोग करून घेतला. तोरियामांना हाँगकाँगच्या कुंग-फू चित्रपटांचे वेड होते. ब्रूस ली यांचा 'एंटर द ड्रॅगन' (१९७३) आणि विशेषतः जॅकी चॅन यांचा 'ड्रंकन मास्टर' (१९७८) हे त्यांचे आवडते चित्रपट. या आवडीतून १९८३ साली 'ड्रॅगन बॉय' ही छोटी कथा झाली आणि तिच्यातून पुढे 'ड्रॅगन बॉल' आकाराला आली.

आरंभीच्या महिन्यांत मालिकेला अपेक्षित कौल मिळाला नाही. नायक फार साधा आहे, असे तोरिशिमा यांचे मत पडले. त्यावर तोरियामांनी जो मार्ग काढला, तो मालिकेचा इतिहास बदलणारा ठरला. यात्रेतील बहुतेक सोबती बाजूला सारले गेले. क्रिलिन हा नवा सहाध्यायी आला आणि कथा गुरुगृही जाऊन पोहोचली.

यात्रेकडून स्पर्धेकडे

या वळणाची चाहूल एका प्रसंगात आधीच लागते. 'पश्चिमेची यात्रा'मध्ये अग्निपर्वत विझविण्यासाठी एक जादूचा पंखा मिळवावा लागतो. गोकूही तशाच पर्वतासाठी तोच पंखा मागण्यास कासववृद्ध कामे-सेन्निनकडे जातो. तेव्हा कळते की वृद्धाने तो पंखा कधीच फेकून दिला आहे. मग तो स्वतः येऊन तळहातांतून शक्तीचा झोत सोडतो आणि आगीबरोबर किल्ला आणि डोंगरही नाहीसा करतो. प्राचीन कथेतील दैवी साधन कचऱ्यात गेले आणि त्याची जागा मानवी देहाने कमावलेल्या शक्तीने घेतली. मालिका पुढे कोणत्या दिशेने जाणार, याचा एवढा स्पष्ट निर्देश दुसरा नाही.

तिसऱ्या खंडापासून प्रशिक्षण सुरू होते. पाठीवर जड कवच बांधून पहाटे दूध पोहोचविणे, नुसत्या हातांनी शेत नांगरणे, बांधकामावर राबणे असा तो क्रम आहे. युद्धकलेचे रहस्य सांगणारा कोणताही ग्रंथ शिष्यांच्या हाती पडत नाही. काम, अभ्यास, खेळ, आहार आणि विश्रांती यांचा मेळ हीच विद्या, अशी गुरूची शिकवण आहे. त्यानंतर 'तेन्काइची बुदोकाई' ही युद्धकलास्पर्धा येते. जॅकी चॅन यांच्या नावाची आठवण करून देणारे 'जॅकी चुन' हे नाव घेऊन गुरू वेषांतर करून स्पर्धेत उतरतो. पहिल्याच विजयाने शिष्य गर्विष्ठ होऊ नयेत, हा त्याचा हेतू. अंतिम सामन्यात तो गोकूला हरवितो. पुढच्या स्पर्धेत तेनशिनहान गोकूवर निसटता विजय मिळवितो. तिसऱ्या स्पर्धेत पिकोलोला हरवून गोकू प्रथमच अजिंक्य ठरतो.

विजयाचे ब्रीद मिरविणाऱ्या साप्ताहिकातील नायक दोन वेळा अंतिम सामना हरतो, ही बाब महत्त्वाची आहे. स्पर्धेची रचना साप्ताहिकाला सोयीची होती. प्रत्येक आठवड्याला सुमारे १५ पानांत एक लढत पुढे सरकते, निकाल पुढच्या अंकावर सोडता येतो आणि नवा प्रतिस्पर्धी केव्हाही आणता येतो. या सोयीच्या चौकटीत तोरियामांनी पराभवाला जागा ठेवली. त्यामुळे शिकणे हा कथेचा विषय राहिला. १७व्या खंडानंतर, गोकू परग्रहावरून आला होता हे उघड झाल्यावर, बळ अधिकाधिक जन्माशी जोडले जाते आणि प्रशिक्षणाचा हा साधा अर्थ क्षीण होतो. प्रथम वाचकाला या ठिकाणी काहीतरी हरवल्यासारखे वाटते ते यामुळेच.

पूर्वनियोजनाचा अभाव हेही या रचनेचे वैशिष्ट्य होय. पुढे काय होणार हे आपल्यालाही ठाऊक नसे, असे तोरियामांनी मुलाखतींतून सांगितले आहे. यंत्रमानवांच्या पर्वात खलनायक वारंवार बदलतात. आधी आणलेले दोन यंत्रमानव तोरिशिमा यांना पसंत पडले नाहीत. ते तेव्हा मालिकेचे संपादक राहिले नव्हते, तरी त्यांनी आपले मत कळविले. म्हणून आणखी यंत्रमानव आले. तेही रुचले नाहीत, तेव्हा सेल हा खलनायक आला आणि त्यालाही रूपे बदलावी लागली. चित्रशैलीवरही वेळेच्या टंचाईचा ठसा आहे. गोकूचे केस सोनेरी होतात तेव्हा ते कृष्णधवल पानावर शाईविना पांढरे ठेवता येतात. केस काळे करण्यात जाणारा वेळ यामुळे वाचला, असा खुलासा खुद्द तोरियामांनीच केला होता.

प्रथम वाचनातील अडथळे

पाने उजवीकडून डावीकडे वाचण्याची सवय काही प्रकरणांत होते. नावांतील विनोद अनुवादात हरवतो. ऊलाँग हे एका चहाचे नाव आहे आणि 'सायाजिन' या वंशनामात भाजीसाठी असलेला 'यासाई' हा शब्द उलटापालटा करून लपविलेला आहे. याहून गंभीर अडथळा वेगळा आहे. कामे-सेन्निनच्या लंपटपणावर बेतलेला विनोद आज वाचताना अस्वस्थ करतो, कारण ज्या मुलीची छेड काढली जाते ती अल्पवयीन आहे. काही कृष्णवर्णीय पात्रांचे जाड ओठांचे चित्रण पाश्चात्त्य व्यंगचित्रांतील वंशभेदी साच्यातून आलेले आहे. मुलांसाठीच्या अतिशय खपाच्या साप्ताहिकात हे सर्व निर्वेधपणे छापले गेले, हीसुद्धा त्या काळाविषयीची साक्षच आहे. तिचे समर्थन करू नये आणि ती झाकूनही ठेवू नये.

समारोप

१९९५ सालच्या ३-४ या जोडअंकाने 'शोनेन जंप'चा खप ६५ लाख ३० हजार प्रतींवर पोहोचला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये 'ड्रॅगन बॉल' संपली आणि १९९७ साली 'शोनेन मॅगझिन' खपात पुढे गेले. एकाच मालिकेला या घसरणीचे कारण मानणे योग्य होणार नाही, तथापि एका चित्रकाराच्या लेखणीवर केवढा भार होता याची कल्पना त्यावरून येते. साडेदहा वर्षे तो भार दर आठवड्याला वाहिला गेला.

४२ खंड सलग वाचणाऱ्या आजच्या वाचकाला हा काळ दिसत नाही. वाचकांचे कौल, संपादकाची नापसंती, अंकाची ठरलेली मुदत हे सर्व पुस्तकाच्या बांधणीत लुप्त होते आणि आठवड्याआठवड्याने घडत गेलेली कथा आधीच आखलेल्या महाकाव्यासारखी भासू लागते. इतिहासाच्या अभ्यासकाने हे भान सोडू नये. लोकप्रिय चित्रकथा वर्गात किंवा संशोधनात आणताना केवळ तिचा आशय पाहणे पुरेसे नाही. ती कोणत्या अंतराने, कोणाच्या कौलाने आणि किती वेळात निर्माण झाली, हेही तपासले पाहिजे.

शेवटच्या प्रकरणांत गोकू आजोबा झालेला आहे. स्पर्धेत त्याची गाठ ऊब या मुलाशी पडते. आपल्या गरीब गावासाठी बक्षिसाची रक्कम मिळवावी म्हणून तो आलेला असतो. गोकू लढत अर्ध्यावर थांबवितो आणि त्याला शिकविण्यासाठी त्याच्या गावी निघून जातो. सामन्याचा निकाल लागतच नाही. विजयाच्या हिशेबावर चाललेल्या साप्ताहिकातील ही मालिका निकाल न लावता एका गुरूच्या प्रस्थानाने संपते. यात्रेची जागा स्पर्धेने घेतली होती. अखेरीस नायक स्पर्धा सोडून पुन्हा वाटेला लागतो, आणि या वेळी तो मणी शोधायला निघालेला नसतो.