टपालपेटीचं डिफॉल्ट सेटिंग

एखादं अॅप टाकताना खाली बारीक अक्षरात एक चौकट असते, 'मला ऑफर्स पाठवा', आणि तिच्यात टिक आधीच मारलेली असते. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे त्या टिकचं महत्त्व मला चांगलं माहीत आहे. बहुतेक लोक सेटिंगला हातच लावत नाहीत. जे आधीपासून ठेवलंय तेच कायम राहतं. घरात येणाऱ्या नको असलेल्या कागदांवरूनही हाच वाद झालाय, आणि तो दोन देशांच्या सर्वोच्च न्यायालयांपर्यंत पोचलाय. आजचा एपिसोड त्यावर.

आधी अमेरिका. १९६३ मध्ये तिथे झिप कोड आला. (आपला पिनकोड १९७२ चा, आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या कोकणातले. पण तो वेगळा एपिसोड.) १९६७ पासून घाऊक टपाल पाठवणाऱ्यांना झिप कोडप्रमाणे गठ्ठे लावून देणं सक्तीचं झालं. नावापत्त्यांच्या याद्या बनवायच्या, विकायच्या, भाड्याने द्यायच्या, हा तोवर एक रीतसर धंदा झाला होता. त्या याद्यांवरून काय वाट्टेल ते घरी यायला लागलं, त्यात अश्लील जाहिरातीही. घरात लहान मुलं, आणि पेटी उघडली की हे. लोक चिडले.

मग १९६७ मध्येच तिथल्या संसदेने कायदा केला. कामुक वाटणारी जाहिरात आली, तर टपालखात्याला कळवायचं. खातं त्या कंपनीला आदेश देणार: या माणसाला पुन्हा काही पाठवू नका, त्याचं नाव यादीतून काढा. आता प्रश्न असा की, कामुक म्हणजे काय हे ठरवणार कोण? सरकारने ठरवलं तर ती सेन्सॉरशिप झाली. कायद्याने यावर मला फार आवडलेली युक्ती काढली. ठरवणार फक्त घरमालक. खात्याने त्याच्या मताची शहानिशा करायचीच नाही. म्हणजे सरकार नुसतं स्विच, बोट तुमचं.

कंपन्या अर्थातच कोर्टात गेल्या. आमचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य जातंय, शिवाय एकेक नाव यादीतून काढायला खर्च येतो, असं त्यांचं म्हणणं. 'रोवन विरुद्ध टपालखातं' या खटल्याचा निकाल ४ मे १९७० ला एकमताने लागला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा: नको म्हणणाऱ्या माणसाच्या टपालपेटीपाशी पाठवणाऱ्याचा हक्क संपतो. कोणाच्याही घरात नको असलेली वस्तू ढकलायचा हक्क विक्रेत्याला घटना देत नाही. आणि गंमत म्हणजे, कोणी उद्या कापडाच्या कॅटलॉगवर आक्षेप घेतला तरी तो चालेल, हेही कोर्टाने मान्य केलं!

त्या कायद्याचा फॉर्म नंबर १५०० अजून आहे. पण अडचण कळली का? एका कंपनीसाठी एक फॉर्म. दुसरी आली की दुसरा. १९७१ मध्ये जाहिरात-टपालवाल्यांच्या संघटनेने स्वतःच एक सामायिक यादी काढली, तिच्यात नाव घातलं की सदस्य कंपन्या पाठवणार नाहीत. यात उदारपणा कमी आणि हिशोब जास्त, कारण जो घेणारच नाही त्याच्यावर छपाई आणि टपालखर्च कशाला? हक्क मिळाला हे खरं, पण टिक आधी मारलेलीच राहिली. काढायची मेहनत तुमची.

आता थेट नेदरलँड्स. तिथला प्रकार वेगळा, पत्ता न लिहिलेली जाहिरातपत्रकं दारोदार टाकतात. त्यावर 'नाही/नाही' असा स्टिकर पेटीला लावायची पद्धत बरीच जुनी. पहिलं 'नाही' जाहिरातींना, दुसरं फुकट मिळणाऱ्या स्थानिक पेपरांना. १ जानेवारी २०१८ ला अॅमस्टरडॅम पालिकेने नियम उलटा केला. पेटीवर काहीच नसेल तर जाहिराती टाकायच्या नाहीत, ज्याला हव्यात त्याने 'हो/हो' चा स्टिकर लावावा. कारण दिलं ते कचऱ्याचं: न वाचता फेकला जाणारा कागद मुळात छापलाच जाऊ नये. पत्रकं वाटणारी कंपनी आणि छपाई उद्योगाची संघटना या दोघांनी खटला भरला. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पालिकेला हे करता येतं असं सांगितलं. स्टिकर तेवढाच. फक्त कोणी चिकटवायचा, ते बदललं.

आणि आपण? फोनच्या बाबतीत आपण अमेरिकन वाट धरली. २००७ मध्ये 'डू नॉट कॉल' नोंदणी आली, म्हणजे त्रास नको असेल तर नाव तुम्ही नोंदवा. कागदाच्या बाबतीत मात्र एक उलटा बदल गुपचूप झाला. दहा शेअर असलेल्या माणसालाही ताळेबंद, निदान त्याची संक्षिप्त प्रत, पाठवणं कंपनीला कायद्याने भाग होतं. काका-आजोबांच्या कपाटात ते गठ्ठे तुम्ही पाहिले असतील. एप्रिल २०११ मध्ये कंपनी मंत्रालयाने परिपत्रक काढून ईमेलने पाठवलेलं चालेल असं सांगितलं, कागद हवा असेल तर मागून घ्या. पुढे २०२० मध्ये कोविडमुळे छापील प्रतीतूनच सूट मिळाली.

राहिली ती सकाळच्या पेपरातून गळणारी पत्रकं. क्लासेस, पेस्ट कंट्रोल, मान्सून सेल. इथे पाठवणाऱ्याला तुमचं नावच माहीत नसतं, मग काढणार कुठल्या यादीतून? रोवनचा निकाल इथे काही कामाचा नाही, अॅमस्टरडॅमचा नियम लागू पडेल. पण तशी मागणी आपल्याकडे कोणी करताना मला दिसत नाही, आणि माझ्या मते त्याचं कारण रद्दीवाला आहे. नको असलेला कागदही शेवटी किलोवर जातो, चार पैसे येतात, म्हणून तो टोचत नाही. तो छापायला लागलेलं पाणी आणि लगदा त्या काट्यावर दिसत नाही.

एक काम मात्र आज करता येईल. घरातल्या मोठ्यांच्या डीमॅट खात्यात ईमेल नोंदवलेला आहे का ते बघा. नसेल तर त्यांना विचारून ब्रोकरकडे किंवा बँकेकडे, जिथे खातं असेल तिथे, नोंदवून टाका.