पोवळ्यांची वाट

मुरबाडहून माळशेजकडे जाणारी सडक वैशाखरें गांव ओलांडते, तेथून जवळच उजव्या हातास नाणेघाटाची पाऊलवाट फुटते. घाटमाथ्यावरील लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. यज्ञांत वांटलेल्या गाईंची, घोड्यांची व कार्षापणांची मोजदाद त्यांत केलेली आहे, आणि तो वाचतांना राजवैभवापेक्षां हिशेबाचीच आठवण अधिक होते. लेण्यापासून थोड्या अंतरावर दगडी रांजण आहे. जकातीचें नाणें त्यांत पडे, असें परंपरा सांगते. कल्याण व सोपारें हीं बंदरें एका टोंकास, आणि जुन्नर-पैठणची पेठ दुसऱ्या टोंकास, अशी ही वाट होती. समुद्रांतून आलेला माल बैलांच्या पाठीवरून मुरबाडच्या रानांतून डोंगर चढत असे.

या मालांत पोवळें असे काय? इसवी सनाच्या पहिल्या शतकांत मिसर देशांतून निघालेल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें आपल्या समुद्राचें वर्णन लिहून ठेविलें आहे. भडोचच्या बंदरांत उतरणाऱ्या जिनसांत तो पोवळ्याचें नांव घेतो. कल्याणाविषयीं मात्र तो निराळीच तक्रार करतो: तेथें चुकून आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचास नेलीं जात. म्हणजे त्याच्या काळीं कल्याणचा व्यापार राजकारणानें अडला होता. तरी पैठण व तेर या पेठांचें नांव त्यास ठाऊक आहे, आणि ज्या वर्षीं कल्याण मोकळें असेल त्या वर्षीं पैठणास जाणाऱ्या पोवळ्यास नाणेघाटाहून जवळची वाट नव्हती, इतकें म्हणण्यास हरकत नाहीं. त्याच शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी म्हणतो कीं, रोमन लोकांस हिंदुस्थानच्या मोत्यांचें जेवढें मोल, तेवढेंच हिंदी लोकांस पोवळ्यांचें. या मागणीमुळें जेथें पोवळें निघतें त्या मुलुखांतच तें दिसेनासें झालें, असेंही तो नमूद करतो. दूरच्या गिऱ्हाइकाच्या हौसेनें एका समुद्राचा तळ ओस पडावा, ही गोष्ट अगदीं आजकालची नव्हे.

हें तांबडें पोवळें भूमध्य समुद्रांतलें. लोखंडी हत्यारानें खुडून किंवा जाळीं ओढून तें काढीत. आपल्याकडे तें नवरत्नांत बसलें, मंगळाचें रत्न ठरलें, वैद्यांच्या मुशींत जाऊन प्रवाळभस्म झालें. तो जीव आहे, अशी शंका मात्र फारशी कोणास आली नाहीं. युरोपांतही तीच तऱ्हा होती. १७२० नंतरच्या दशकांत पेसोनेल नांवाच्या फ्रेंच वैद्यानें जिवंत पोवळें समुद्राच्या पाण्यांत ठेवून पाहिलें. ज्यांस फुलें म्हणत तीं फुलें नसून चिमुकले प्राणी आहेत, असें त्यानें पॅरिसच्या विद्वत्सभेस कळविलें. सभेतील थोर पंडित रेओम्यूर यांनीं तो निबंध लेखकाचें नांव न घेतां मांडला. गरीब बिचाऱ्याचें हंसें होऊं नये, हा त्यांतला सदय हेतु! पेसोनेलचें म्हणणें मान्य होण्यास पुढें वीसएक वर्षें लागलीं.

आतां शहापूर-मुरबाडकडील कुटुंबें सुटींत मालवणास जातात, तेव्हां ही वाट उलटी होते. पोवळें आमच्याकडे येत होतें. आम्ही आतां त्याच्याकडे जातों. मालवणास प्रथम डोळ्यांत भरतो तो सिंधुदुर्ग. शहापूरकरास येथें आपला माहुली आठवल्याशिवाय राहत नाहीं. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत माहुली मोगलांकडे गेला, व १६७० मध्यें परत मिळाला. सिंधुदुर्गाचा पाया या तहाच्या अवघे कांहीं महिने आधीं, २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं, कुरटें बेटावर घातला गेला होता. तहांत गेले ते बहुतेक डोंगरी किल्ले. कुरटें बेटावरील काम चालूच राहिलें. बेटाभोवतीं पाण्याखालीं खडकांचें जाळें आहे, आणि त्यांतून होडी नेण्याची वाट जाणत्यासच सांपडते. ही जागा महाराजांस तेथल्या दर्यावर्दी लोकांनीं दाखविली, अशी परंपरा आहे, व ती खरी मानण्यास अडचण दिसत नाहीं. कारण हें ज्ञान दुसऱ्या कोणापाशीं असणेंच शक्य नव्हतें. १७६५ मध्यें इंग्रजांनीं किल्ला घेतलाच, त्याचें नांवही बदललें, पण पुढल्याच वर्षीं तो त्यांस कोल्हापूरकरांस परत द्यावा लागला.

ज्या खडकांनीं गलबतें फोडावीं त्याच खडकांवर पोवळीं वाढतात. मासेमारास हें पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतें. आपणांस तें दिसूं लागलें तें एका यंत्रामुळें. १९४३ मध्यें जर्मनांनीं व्यापलेल्या फ्रान्सांत कूस्तो हा आरमारी अधिकारी व गान्यां हा यंत्रज्ञ यांनीं पाठीवरील नळकांड्यांतली हवा श्वासासरशीं, आणि भोवतींच्या पाण्याचा जेवढा दाब तेवढ्याच दाबानें देणारी झडप तयार केली. त्यापूर्वीं पाणबुड्यास बहुधा एक तर छातींतल्या दमावर राहावें लागे, नाहीं तर वरून नळी सोडलेला जड धातूचा टोप घालावा लागे. दहा मीटर खालीं दाब वरच्या दुप्पट होतो. म्हणून उतरतांना नाक चिमटून कान मोकळे करावे लागतात, आणि वर येतांना श्वास कधींही कोंडावयाचा नसतो. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें ही विद्या शिकविणारी संस्था काढली आहे. नवखा माणूस मात्र शिकलेल्या पाणबुड्याच्या हातीं धरूनच दोनतीन पुरुष पाण्यांत जातो.

मालवणचें पोवळें दागिन्याचें नव्हे. भुरें, पिवळसर, खडकास बिलगलेलें असें तें असतें. सोनारास त्याचें कांहींच मोल नाहीं. आमच्या मतें याच बेकिंमतीनें तें आजवर वांचलें. आतां मात्र तें पाहण्यालाच किंमत आली आहे. होडीचा नांगर एकदां चुकीच्या जागीं पडला, कीं कित्येक वर्षांची वाढ मोडते. पाणी फार तापलें, कीं आंतल्या सूक्ष्म शेवाळाशीं असलेली त्याची सोयरीक तुटते व तें पांढरें पडतें. १९८७ मध्यें सरकारनें मालवणचें सुमारें २९ चौरस किलोमीटर पाणी सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केलें, तेव्हां मासेमारांनीं कडाडून विरोध केला. त्यास अडाणीपणा म्हणणारे पुष्कळ निघाले. आम्हांस तें पटत नाहीं. ज्यांच्या जाणतेपणावर किल्ला उभा राहिला, त्यांस न विचारतां त्यांच्याच पाण्यावर रेघा ओढल्या, तर त्यांनीं दुसरें काय करावें? पाण्याखालची शोभा राखावयाची असेल तर ती त्यांच्या सल्ल्यानेंच राखावी लागेल, आणि सुटीच्या गर्दीतून मिळणाऱ्या पैशांत त्यांचा वांटा आधीं काढावा लागेल.

पाहुण्यांस खालीं नेणारे पाणबुडे पुष्कळदां याच मासेमारांचीं मुलें असतात. पाण्यांत बोलतां येत नाहीं, म्हणून सगळा व्यवहार खुणांचा. खडकाजवळ पोंचतांच नवख्याचा हात आपोआप पुढें होतो. मुलगा तो हळूच धरून मागें घेतो, आणि वर येईपर्यंत सोडीत नाहीं.