आकाशातील वहिवाट

वहिवाट म्हणजे काय, हे केनवडच्या शेतकऱ्याला आम्ही सांगावयास नको. पावसाळ्यात काळ्या रानातून गाडी निघेल तेथूनच ती न्यावी लागते, आणि पांदण अडली की भाऊबंदांची भांडणे कोर्टापर्यंत जातात. बिनतारी लहरींचा इतिहासही आम्हांस असाच दिसतो.

1933 च्या कायद्याने आपल्याकडे बिनतारी यंत्र परवान्याविना जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरविला. वाट सरकारची! 1942 च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता व त्यांच्या सोबत्यांनी हा अडसर झुगारून मुंबईतून 42.34 मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा बदलीत बदलीत तो जेमतेम अडीच महिने बोलला. 12 नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घातला. त्या काळी बोलणाऱ्याचा माग सरकार काढीत असे.

आता माग काढण्याचे काम खुद्द बोलणाऱ्या यंत्राकडे आले आहे. वायफायच्या पेटीला 5250 ते 5350 आणि 5470 ते 5725 मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत रडारचा शेजार आहे. 2003 साली जिनेव्हाच्या जागतिक परिषदेने येथे पेटीला प्रवेश दिला, पण रडारचा हक्क राखून. पेटीने आधी 60 सेकंद नुसते ऐकावे; पुढे बोलताना रडारची चाहूल लागली तर 10 सेकंदांत वाट सोडावी आणि अर्धा तास तिकडे फिरकू नये. गंमत अशी की, हा जुना हक्कदारही उसन्या लहरींवरच जन्मला. 1935 च्या फेब्रुवारीत रॉबर्ट वॉटसन-वॅट यांनी डॅव्हेंट्रीजवळ विमानावरून परतलेल्या लहरी टिपल्या, त्या बीबीसीच्या प्रक्षेपणाच्या होत्या!

हा नियम केवळ शिष्टाचाराचा नव्हे. पोर्टो रिकोतील सान हुआन विमानतळाच्या हवामान रडारला 2009 च्या सुमारास बाहेर बसविलेल्या बिनतारी यंत्रांचा उपद्रव झाला. पडद्यावर रेघा उमटल्या की त्या दिशेला पाऊस आहे की नाही, हे कसे ओळखावे? भारताने 2018 साली हे पट्टे परवान्याविना खुले केले, आणि 2022 साली मुंबईत वेरावली येथे हवामान खात्याचे याच शेजारातले रडार सुरू झाले. त्याची नजर केनवडपर्यंत पोहोचत नाही, हे खरे. पण कापून पडलेल्या सोयाबीनवर ढग चढताना ज्याने पाहिला आहे, त्याला या तंट्यात कोणाची बाजू घ्यावी हे विचारावे लागत नाही.

गेलेली वीज परत आली की अशी पेटी कधी कधी मिनिटभर गप्प बसते. ती ऐकत असते. आम्ही मात्र तिला बिघडली समजून बटण बंद-चालू करतो, आणि ते मिनिट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.