सोडवणे आणि सोडणे : ‘कॅट’च्या तयारीचा एक धांडोळा

गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या आप्पा बळवंत चौकात, जुन्या पुस्तकांच्या ढिगात, मला ‘कॅट’च्या सरावाचा एक प्रश्नसंच मिळाला. कुणीतरी त्यातल्या बऱ्याच प्रश्नांवर पेन्सिलीने फुली मारली होती. उत्तर चुकल्याची ती खूण असेल असे आधी वाटले. पण समासात लिहिले होते : ‘वाच आणि सोड.’

मी ही परीक्षा १९९० च्या दशकात एकदा दिली. मिरजेहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठली आणि पहिल्या प्रश्नापासून क्रमाने सोडवत गेलो. अडलो तिथे झगडत बसलो. शेवटच्या पाच मिनिटांत उरलेली वर्तुळे अंदाजाने काळी केली. चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात, हे वाचले होते. पण ‘सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक आहे’ ही सूचना शाळेपासून हाडीमासी खिळलेली. ‘कोरे काही ठेवू नका, काहीतरी लिहून या,’ असे आमचे गुरुजी सांगत. मुलाखतीचे पत्र आले नाही. आपले इंग्रजी कच्चे, असे मी मानून घेतले. प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असल्याने ते कारण पटण्याजोगेही होते.

तो संच हाती आल्यावर मी जुन्या प्रश्नपत्रिका जमवू लागलो.

अशी परीक्षा मुळात अमेरिकेतली. तिथल्या व्यवस्थापन संस्थांसाठी १९५४ साली सुरू झालेली चाचणी १९७६ पासून ‘जीमॅट’ नावाने ओळखली जाते. आपल्याकडे १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद येथे आयआयएम स्थापन झाल्या; पुढे त्यांच्या प्रवेशासाठी ‘कॅट’ आली. २००३ च्या नोव्हेंबरातली प्रश्नपत्रिका फुटली, परीक्षा रद्द झाली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये पुन्हा घ्यावी लागली. तेव्हा १२० मिनिटांत १५० प्रश्न असत. म्हणजे एका प्रश्नाला ४८ सेकंद. २००५ मध्ये प्रश्न ९० झाले. २००६ मध्ये ७५ प्रश्न आणि १५० मिनिटे, म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटे.

वरवर पाहता परीक्षा सोपी झाली. प्रत्यक्षात तयारीची रीत बदलली. १५० प्रश्नांत बरेच प्रश्न वेळेअभावीच राहून जात. ७५ प्रश्नांत सगळे वाचून होत, आणि कोणते सोडायचे हे स्वतःच ठरवावे लागे. २००६ ला पाच पर्याय होते. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. डोळे मिटून पाच प्रश्नांना ठोकून दिले तर सरासरी एक बरोबर येणार : चार मिळाले, चार गेले. हाती शून्य, आणि चूक जास्त झाली तर तोटाच. एखादा पर्याय खात्रीने बाद करता आला, तरच अंदाज फायद्याचा.

२०१५ पासून काही उत्तरे टंकून द्यायची झाली. त्यांना वजाबाकी नाही. म्हणजे ती कोरी ठेवणे हाच वेडेपणा. राज्याच्या एमबीए सीईटीचे स्वरूप अनेक वर्षे १५० मिनिटांत २०० प्रश्न, चुकीला दंड नाही, असे राहिले. तिथे आमच्या गुरुजींचा सल्ला अक्षरशः खरा. दोन्ही परीक्षांना बसणाऱ्या मुलाला काही महिन्यांच्या अंतराने दोन उलट सवयी अंगी बाणवाव्या लागतात.

ही सवय शाळेत कुणी शिकवत नाही. मोठ्या शहरातले क्लास ती शिकवतात. घड्याळ लावून सराव परीक्षा घेतात आणि नंतर ‘हा प्रश्न का घेतलास?’ असे विचारतात. गणित आणि इंग्रजी पुस्तकावरूनही शिकता येते. हा प्रश्न विचारणारे माणूस मात्र लागते. तसे माणूस भेटले असते तर माझी निवड झाली असती, असा माझा दावा नाही. पण मी जे तीस वर्षे बुद्धीच्या खात्यावर टाकले, त्यातला काही भाग निव्वळ माहितीच्या खात्यावरचा होता. अशी चुकीची नोंद करून बसलेला मी एकटाच नसणार.

आमच्या शेजारची मुलगी मराठी माध्यमातून शिकलेली आहे आणि यंदा ‘कॅट’ देते आहे. मी तो संच तिच्यापुढे ठेवला आणि म्हटले, “यातले कोणते प्रश्न सोडशील, तेवढेच सांग.” तिने पेन्सिल उचलली, पण ती थबकली.

“काका, सोडलं तर मला येत नाही असंच होईल ना?”

“येत असलेल्या प्रश्नांना वेळ उरेल,” मी म्हणालो.

अर्ध्या तासात तिने नऊ फुल्या मारल्या. त्यातल्या दोन चुकीच्या होत्या. ते प्रश्न तिला सहज येत होते. बाकीच्या सात मात्र बरोबर होत्या.