चाकांचे संतुलन आणि शिशाची वजने

टायर व रिम मिळून झालेल्या चाकाचे वस्तुमान अक्षाभोवती सारखे वाटलेले नसेल, तर हलक्या बाजूला नेमके वजन बसवून ते सारखे करण्याची प्रक्रिया. टायरच्या दुकानात तिला ‘बॅलन्सिंग’ म्हणतात. एक बाजू जड असलेले चाक वर-खाली उसळते. हे स्थिर असंतुलन. जड जागा आतल्या किंवा बाहेरच्या कडेला असेल, तर चाक डावी-उजवीकडेही डुलते आणि ती थरथर स्टिअरिंगपर्यंत पोचते. हे गतिज असंतुलन. म्हणून बॅलन्सिंगचे यंत्र रिमच्या दोन्ही कडांसाठी ग्रॅमचे वेगवेगळे आकडे दाखवते. १४ इंची रिम आणि सुमारे ६२ सेंमी. व्यास असलेल्या चाकात रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा फरक राहिला, तर ताशी १०० किमी. वेगाला सुमारे ४.४ किग्रॅ. भाराएवढा जोर चाकाला बाहेर ओढतो. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ५० किमी.ला तो चौथाईच असतो. गावात न जाणवणारी थरथर महामार्गावर जाणवते, ती यामुळेच.

या हिशेबात वजनाचे ग्रॅम, अक्षापासूनचे अंतर आणि रिमवरची जागा एवढेच मोजले जाते. धातू कोणता, याला त्यात स्थान नाही. तरीही शिसे रूढ झाले, कारण ते जड, मऊ आणि ओतायला सोपे आहे. मात्र खड्ड्यांच्या धक्क्यांनी निसटलेली वजने रस्त्यावर पडतात, चाकांखाली भरडली जातात आणि धुळीत मिसळतात. अमेरिकेतील अल्बुकर्की शहराच्या रस्त्यांवरील २००० सालच्या अभ्यासात हे दाखवून दिले गेले. शरीरातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वाधिक असतो. युरोपीय संघाने २००५ पासून मोटारींसाठी शिशाची वजने बंद केली, कॅलिफोर्नियाने २०१० पासून. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, ते याच विषाच्या भीतीने. धुराच्या नळकांड्यातून बंद केलेले शिसे चाकावरून रस्त्यावर येऊ देणे विसंगत आहे.

शिशाऐवजी पोलादी वजने वापरण्यावर पहिला आक्षेप आकाराचा असतो. शिशाची घनता ११.३ आणि पोलादाची सुमारे ७.९ असल्याने तेवढ्याच वजनाचा पोलादी तुकडा जवळजवळ दीडपट जागा घेतो. पण बहुतेक मोटारींना लागणारे वजन काही ग्रॅमचे असते आणि अलॉय रिमच्या आत चिकटपट्टीची पाच-पाच ग्रॅमची वजने ओळीने बसतात. दुसरा आक्षेप असा, की मऊ शिसे रिमच्या वळणाशी जुळते, पोलाद जुळत नाही. तो अंशतः खरा आहे. म्हणूनच रिमच्या कडेनुसार योग्य क्लिप निवडावी लागते, आणि ती निवड शिशाच्या वजनालाही चुकत नाही. पोलाद गंजते, यावर जस्ताचा किंवा प्लास्टिकचा थर हा रुळलेला उपाय आहे. राहिला खर्च. काढलेली जुनी वजने पुन्हा ठोकून पैसे वाचतात खरे, पण एकदा ताणलेल्या क्लिपची पकड सैल होते, आणि निसटलेल्या वजनासाठी गिऱ्हाईक परत येते. ती बचत फसवी आहे.

लहान दुकानाला मुळात वजनच कमी वापरता येते. रिमवरचा वाळलेला चिखल आणि जुनी वजने काढावीत, चाक यंत्राच्या शंकूवर बरोबर मध्यभागी बसवावे, रिमची मापे यंत्रात अचूक भरावीत. नव्या टायरवर पिवळा ठिपका असल्यास तो हलकी जागा दाखवतो. तो हवेच्या नळीपाशी आणला, की नळीचा भार त्याची उणीव भरून काढतो. वजन ठोकल्यावर चाक पुन्हा फिरवून दोन्ही आकडे शून्यावर आल्याची खात्री करावी. संतुलनाचा दर्जा या कामांवर ठरतो, शिशावर नाही. मोटारींच्या चाकांसाठी शिशाचा आग्रह धरण्याला आता तांत्रिक आधार उरलेला नाही.